भिंतीला विचारून

शिरूरहून न्हावरे-चौफुला करत दौंडला जाताना नुसत्या भिंती बघत गेलं, तरी बांधकामाचं एक छोटं प्रदर्शन पाहून होतं. घोडनदीच्या जुन्या पेठेत काळ्या दगडाच्या जाड भिंतींचे काही वाडे अजून तग धरून आहेत. गावाबाहेर आलं की नव्या सोसायट्या, त्यांच्या भिंती पांढुरक्या हलक्या ब्लॉकच्या. न्हावऱ्याकडे, घोडगंगा कारखान्याच्या परिसरात, विटांची पक्की घरं आणि त्यांना लागून पत्र्याच्या शेड. रानातल्या वस्त्यांवर सिमेंट ब्लॉकची घरं, बाहेरचा गिलावा ‘पुढच्या वर्षी ऊस गेला की’ करायचा ठेवलेला. दौंडात शिरलं की रेल्वेच्या जुन्या इमारती आणि त्यांच्या पलीकडे वाढत चाललेली अपार्टमेंट. यांतल्या बहुतेक भिंतींवर आज ना उद्या टीव्ही चढणार आहे, आणि स्क्रू धरून ठेवायची ताकद प्रत्येकीची वेगळी आहे.

टीव्ही घेताना माणूस चार दुकानं फिरतो. इंच किती, फोर-के आहे का, आवाज कसा, हप्ता किती बसतो, सगळं विचारतो. दुकानदार शेवटी म्हणतो, “ब्रॅकेट आपल्याकडून,” आणि विषय मिटतो. घरी भिंत कशाची आहे, हे दुकानात कोणी विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. वास्तविक ब्रॅकेट ठरवायचा तो आधी भिंतीकडे बघून. टीव्हीचा नंबर त्यानंतर.

भिंतीवर टीव्ही टांगायची सोय आपल्याला तशी उशिराच मिळाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्याकडच्या घरांत चित्र उमटू लागलं. तेव्हाचा टीव्ही म्हणजे लाकडी पेटी, तिला पुढून सरकतं शटर आणि शटरला कुलूप. आत काचेची पिक्चर ट्यूब. एकवीस इंची रंगीत टीव्ही वीस किलोच्या पुढे जायचा, एकोणतीस इंची चाळिशीत. खोलीही हात-दीड हात. अशी वस्तू भिंतीवर चढवायची तर वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्यावा लागे, आणि तो भिंतीत दगड फोडून, सिमेंट भरून बसवावा लागे. हॉटेलांत आणि लॉजमध्ये असे स्टँड असत. घरात टीव्ही कपाटावर नाहीतर टेबलावर, वर क्रोशाचं कव्हर.

पडदा सपाट झाला आणि गणितच बदललं. आजचा ४३ इंची टीव्ही सात ते नऊ किलोंचा असतो, ५५ इंची साधारण तेरा ते अठरा. शिरूर तालुक्यापुरतं बोलायचं तर टीव्ही ही परगावाहून येणारी वस्तूही राहिलेली नाही: एलजी कंपनीचा भारतातला दुसरा कारखाना २००४ मध्ये रांजणगावच्या एमआयडीसीत सुरू झाला. महागणपतीच्या दर्शनाला येणारे भाविक आणि टीव्हीचे खोके भरलेले कंटेनर एकाच पुणे-नगर रस्त्यावरून जातात.

टीव्ही कोणत्याही कंपनीचा असो, तो पालथा घातला की पाठीवर चार आटे पाडलेली भोकं दिसतात. त्यांच्यातलं अंतर कंपनीगणिक मनाला येईल तसं नसतं. ‘वेसा’ या संस्थेनं १९९७ मध्ये सपाट पडद्यांच्या टांगणीचं प्रमाण ठरवलं आणि पुढे ते सगळ्यांनी उचललं. लहान पडद्यांना ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिलिमीटर, त्यापुढे २०० × १००, २०० × २००, मग ४०० × २००, ४०० × ४०० असं ते वाढत जातं. आधी आडवं अंतर बोलायचं, मग उभं. ब्रॅकेटच्या खोक्यावर हेच आकडे छापलेले असतात. ‘३२ ते ५५ इंच’ असं जे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नये, कारण एकाच मापाच्या दोन टीव्हींची भोकं वेगळी निघतात. घरून निघताना पट्टी लावून दोन आकडे हातावर लिहून न्यावेत. तिसरा आकडा वजनाचा. तो टीव्हीच्या पुस्तिकेत ‘स्टँडशिवाय’ या सदरात सापडतो.

स्क्रूंचंही तसंच. लहान टीव्हीला एम-४, मोठ्याला एम-६ किंवा एम-८. इथे जाडीपेक्षा लांबी जास्त घात करते. स्क्रू आखूड पडला तर दोन-तीन आट्यांवर सगळा भार येतो. लांब पडला तर आत घुसून बोर्डाला किंवा पडद्याच्या पाठीला टेकतो, आणि मग पडद्यावर जो डाग उमटतो तो वॉरंटीत बसत नाही. स्क्रू हातानं फिरवत न्यावा, अडला की थांबावं. काही टीव्हींची पाठ वरून सपाट आणि खालून फुगलेली असते. त्यासाठी प्लॅस्टिकच्या नळ्या, म्हणजे स्पेसर, पिशवीत दिलेले असतात. ‘जास्तीचं सामान’ समजून पोरं ते खेळायला नेतात.

आता मूळ मुद्दा, भिंत.

आपल्याकडची सगळ्यात ओळखीची भिंत विटांची. भीमेच्या खोऱ्यातल्या भट्ट्यांवरची लाल वीट चांगली भाजली असेल तर दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज येतो. कच्ची असेल तर बद्द. भारतीय मानकाप्रमाणे सगळ्यात खालच्या दर्जाच्या विटेलाही दर चौरस मिलिमीटरला साडेतीन न्यूटन दाब सोसता आला पाहिजे, पण गावातल्या बांधकामावर आलेली प्रत्येक गाडी कोणी तपासायला नेत नाही. भिंत बांधून, गिलावा होऊन, रंग लागल्यावर आतली वीट कशी आहे हे सांगणारा एकच साक्षीदार उरतो: ड्रिलमधून पडणारी भुकटी. भोक पाडताना भिंतीला चिकटपट्टीनं एक पाकीट उघडं चिकटवावं. फरशी घाण होत नाही हा एक फायदा, आणि पाकिटात जे साठतं ते वाचता येतं. पहिला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर करडी किंवा पांढरी भुकटी पडते, तो गिलावा आणि पुट्टी. मग रंग बदलतो. लाल आणि किरकिरीत आली तर वीट चांगली. लाल पण पिठासारखी आली आणि बिट लोण्यात शिरावा तसा आत गेला, तर वीट कच्ची. मधेच पुन्हा करडी आली तर बिट दोन विटांमधल्या सांध्यात गेला आहे. अशा वेळी भोक दोन-तीन सेंटिमीटर सरकवावं, नाहीतर स्क्रू जन्मभर त्या सांध्यातल्या वाळूच्या भरवशावर राहतो.

याच पाकिटातून आणखी एक गोष्ट कळते, गिलाव्याची जाडी. ब्रॅकेटबरोबर येणारी प्लॅस्टिकची गिट्टी बहुधा ४० मिलिमीटरची असते. आपल्याकडे भिंत वाकडी बांधली गेली की ती सरळ करायचं काम गवंडी गिलाव्यावर सोपवतो, त्यामुळे बारा मिलिमीटरच्या जागी पंचवीस मिलिमीटर गिलावा सहज सापडतो. म्हणजे चाळीसपैकी पंचवीस मिलिमीटर गिट्टी अशा थरात, ज्याला ओढ सोसायची ताकद जवळजवळ नाही. विटेत उरले पंधरा. टीव्ही ‘गिट्टीसकट उपटून’ आल्याच्या गोष्टी ऐकू येतात, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा हे एवढंच असतं. हार्डवेअरच्या दुकानातून ८ × ६० किंवा १० × ८० ची चांगली नायलॉनची गिट्टी आणि तिच्या मापाचे स्क्रू वेगळे आणावेत. ब्रॅकेटवाल्यानं दिलेली गिट्टी फोटो टांगायला ठेवावी.

दगडी वाड्यात अडचण उलटी. आपला काळा दगड इतका घट्ट, की घरगुती ड्रिलचा बिट त्यावर तापून बोथट होतो. त्याला हॅमर मशीनच लागते. पण दगड जितका घट्ट तितका सांधा पोकळ, कारण जुन्या भिंती मातीत किंवा चुन्यात रचलेल्या. ब्रॅकेटची चार भोकं दगडांच्या रचनेशी जुळतील असा योग दुर्मीळ. त्यावर सुतारांची एक जुनी युक्ती आहे. टीव्हीमागे झाकली जाईल एवढी १८ मिलिमीटर प्लायवूडची फळी घ्यायची. भिंतीत जिथे जिथे चांगला दगड लागेल तिथे, मग ते ठिकाण कितीही वेडंवाकडं असो, पाच-सहा फास्टनरनी ती फळी पक्की करायची. ब्रॅकेट फळीवर आपल्याला हवा तिथे. पांढऱ्या मातीच्या भिंतीत मात्र हेही चालत नाही. तिथे जमिनीवर उभी राहणारी लोखंडी किंवा लाकडी चौकट करावी, वरून फक्त पुढे पडू नये म्हणून भिंतीला किंवा तुळईला बांधावी, आणि भार जमिनीवर सोडावा.

पत्र्याच्या घरातही तोच न्याय: स्क्रू पत्र्यात नको, पत्रा ज्यावर ठोकला आहे त्या लोखंडी अँगलला आडवी पट्टी वेल्ड करून तिच्यावर ब्रॅकेट.

नव्या सोसायट्यांत सिपोरेक्स असतं. हे खरं तर स्वीडनमधल्या कंपनीचं नाव, बी. जी. शिर्के यांच्या कंपनीनं ते तंत्र पुण्यात आणलं आणि आता कोणत्याही कारखान्याचा हलका, सच्छिद्र ब्लॉक आपल्याकडे सिपोरेक्सच म्हणून ओळखला जातो. हा ब्लॉक पाण्यात टाकला तर तरंगतो, यावरून त्याच्या आत हवा किती आहे ते समजावं. करवतीनं कापता येतो, उन्हाळ्यात घर थोडं थंड ठेवतो, इमारतीवरचा भार कमी करतो. स्क्रू धरायला मात्र नाखूष. इथे धातूचा फुगणारा फास्टनर घालणं ही मोठी चूक. तो फुगताना भोवतालचा सच्छिद्र भाग चुरतो आणि आज घट्ट वाटलेला फास्टनर महिन्याभरात सैल होतो. हॅमर बंद ठेवून, नुसत्या फिरत्या बिटनं भोक पाडावं आणि अशा ब्लॉकसाठी मिळणारी लांब, पेचदार गिट्टी वापरावी. जड टीव्ही असेल आणि भिंतीच्या पलीकडची खोलीही आपलीच असेल, तर आरपार बोल्ट टाकून मागे पट्टी द्यावी. दिसायला ती बरी दिसत नाही, कॅलेंडरखाली झाकता येते.

वस्त्यांवरच्या पोकळ सिमेंट ब्लॉकमध्ये बिट दोन-तीन सेंटिमीटर गेला की एकदम हवेत जातो. तिथे आत जाऊन पंख उघडणारा टॉगल वापरतात, किंवा त्या जागेचा ब्लॉक फोडून पोकळी काँक्रीटनं भरून घेतात. काम वाढतं, पण घर अजून गिलाव्याविना असेल तर हेच करून घ्यायची ती वेळ. आणि भिंतीत आरसीसीचा कॉलम योग्य जागी सापडला, तर त्यासारखं सुख नाही: धातूचे फास्टनर, चार भोकं, काम संपलं. बिट सळईला लागून किंचाळू लागला तर जोर करू नये. भोक बाजूला घ्यावं.

भिंत समजली की ब्रॅकेटचा प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो. बाजारात ढोबळ तीन: भिंतीला चिकटून बसणारा फिक्स, पुढे थोडा झुकणारा टिल्ट, आणि हात असलेला, जो भिंतीपासून हात-दीड हात बाहेर ओढून डावी-उजवीकडे फिरवता येतो. तिसरा दुकानात फार आवडतो. दुकानदार तो ओढून, फिरवून दाखवतो आणि गिऱ्हाईक हरखतं. त्यानं एकदा पुढचं गणित करावं.

भरलेली कळशी कडेवर घेऊन बाई अर्धा मैल चालते. तीच कळशी हात सरळ लांब करून धरा म्हटलं तर पाच पावलं जाणार नाही. वजन तेच, पण ते अंगापासून दूर गेलं. ब्रॅकेटचं असंच आहे. १५ किलोचा टीव्ही फिक्स ब्रॅकेटवर असताना त्याचा भार भिंतीपासून साधारण ६ सेंटिमीटरवर असतो. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर धरलं, तर वरच्या स्क्रूंवर बाहेरची ओढ येते १५ × ६ ÷ २०, म्हणजे साडेचार किलो. सगळे वरचे स्क्रू मिळून. तोच टीव्ही हाताच्या ब्रॅकेटवर ४५ सेंटिमीटर बाहेर काढला की हिशेब होतो १५ × ४५ ÷ २०, जवळपास ३४ किलो. साडेसातपट. एखादं वीस किलोचं पोर त्या बाहेर काढलेल्या टीव्हीला लोंबकळलं, तर ओढ पाऊणशे किलोंच्या वर. पक्क्या विटेत किंवा कॉलमवर हे सोसवेल. सिपोरेक्सवर किंवा कच्च्या विटेवर हा खेळ करू नये. शिवाय टीव्ही रोज फिरवणारं घर क्वचितच असतं. पहिल्या आठवड्यात पाहुण्यांना दाखवून झालं की हात भिंतीला लागतो तो लागतोच.

बहुतेक घरांना टिल्ट पुरतो, आणि त्याचं कारण आपल्या बसण्यात आहे.

टीव्हीच्या उंचीबद्दल पुस्तिकांत जे लिहिलेलं असतं ते सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १०५ सेंटिमीटरच्या आसपास येतात, म्हणून पडद्याचा मध्य तेवढ्यावर ठेवा, असं ते सांगतात. आपल्या घरात सोफ्यावर आजोबा बसतात किंवा पाहुणे. बाकीचं घर खाली. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे ७० ते ७५ सेंटिमीटरवर असतात. जेवताना, शेंगा सोलताना, मेथी निवडताना टीव्ही इथूनच बघितला जातो. कोणी दिवाणावर आडवं पडून बघतं. अशा घरात येऊन बसवणारा विचारतो, “ताई, किती वर घ्यायचा?” आणि ताई म्हणतात, “घ्या वरच, पोरांचा हात नको पोचायला.” मग टीव्ही जातो दरवाज्याच्या चौकटीच्या रांगेत, देवाच्या फोटोंच्या शेजारी.

मध्य १५० सेंटिमीटरवर गेला आणि खाली बसलेला माणूस दोन मीटरवर असला, तर त्याला साधारण २२ अंश वर बघावं लागतं. तासाभराच्या मालिकेला मान दुखणारच. दुसरा तोटा डोळ्यांना कळतो पण नाव ठेवता येत नाही. स्वस्त टीव्हींतले बरेच पडदे ‘व्हीए’ जातीचे असतात. ते समोरून काळाभोर काळा रंग दाखवतात, पण खालून किंवा बाजूनं बघितलं की चित्र फिकं, धुतल्यासारखं होतं. दुकानात समोर उभं राहून पाहिलेला टीव्ही घरी ‘तेवढा चांगला दिसत नाही’, ही तक्रार पुष्कळदा टीव्हीची नसून खिळ्याच्या उंचीची असते. ‘आयपीएस’ पडद्यात हा त्रास कमी.

त्यामुळे ज्या घरात दोन्ही बसण्या आहेत तिथे मध्य ९५ ते ११० सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवावा आणि टिल्ट ब्रॅकेटनं पडदा पाच-सात अंश खाली झुकवावा. पोरांची भीती खरी आहे, पण तिचा इलाज उंची हा नाही. भिंतीला नीट आवळलेला टीव्ही हा टेबलावर नुसत्या पायांवर उभ्या असलेल्या टीव्हीपेक्षा कितीतरी सुरक्षित. टेबलावरचा टीव्ही ओढून अंगावर घेणारी मुलं ही जगभरची डोकेदुखी आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं २०१५ मध्ये टीव्ही आणि कपाटं भिंतीला बांधा, यासाठी मोहीमच काढली.

अंतराचं थोडक्यात: इंचांचे सेंटिमीटर करून त्याला दीड ते पावणेदोननं गुणावं. ४३ इंची पडद्याचा कर्ण १०९ सेंटिमीटर, म्हणजे पावणेसहा फुटांच्या आसपास बसावं. दहा बाय बाराच्या खोलीत ५५ इंची टीव्हीही बसतो, फक्त समोरच्या भिंतीला टेकून बघावा लागतो. खिडकीसमोरची भिंत मात्र टाळावी. शिरूर-दौंडचं ऊन हे कोरड्या पट्ट्यातलं ऊन. पश्चिमेची खिडकी समोर असली तर चार वाजल्यापासून पडद्यात स्वतःचंच तोंड दिसतं.

प्रत्यक्ष बसवायचा दिवस येतो तेव्हा घाई बसवणाऱ्याला असते, घरच्यांना नाही. हे लक्षात ठेवलं तर पुष्कळ निभतं. त्याला दिवसात अशी अनेक घरं उरकायची असतात. तो ब्रॅकेट भिंतीला धरतो, पेन्सिलनं ठिपके मारतो, आणि ड्रिल उचलतो. तिथे त्याला थांबवावं. आधी टीव्हीच्या मापाचा कागद (खोक्याचा पुठ्ठा कापला तरी चालतो) भिंतीला चिकटवून सगळ्यांनी आपापल्या जागी बसून बघावं. मग ठिपके. ठिपक्यांवर पाणसळ धरावी. मोबाईलमधली पाणसळ अडीअडचणीला ठीक, गवंड्याची असेल तर उत्तम. आणि पाणसळीनं सरळ आलेला टीव्ही डोळ्यांना वाकडा वाटला तर दचकू नये: बहुतेक वेळा छताची कड किंवा फरशी वाकडी असते आणि ते इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलेलं नसतं.

त्याच ठिपक्यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ बाजूला विजेचा बोर्ड आहे का, ते बघावं. भिंतीत गाडलेली वायर बोर्डापासून बहुधा उभी किंवा आडवी जाते, पण ‘बहुधा’ एवढंच. जुन्या घरात वायरमननं पाइप वाचवायला तिरकी वाट काढलेली असू शकते. भोकं पाडताना त्या खोलीचा एमसीबी पाडून ठेवावा आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून वायर ओढून घ्यावी. नळाचा पाइप न्हाणीघराच्या भिंतीतून गेला असेल तर त्या भिंतीला हात लावू नये. नळाचं पाणी टीव्हीमागून येताना पाहणं हा फार महागडा अनुभव आहे.

भोक झालं की आतली भुकटी फुंकून किंवा छोट्या पंपानं काढावी. ही पायरी सगळेच गाळतात. भुकटी राहिली तर गिट्टी पूर्ण आत जात नाही, बसवणारा तिला हातोडीनं ठोकतो, तिचं तोंड फाटतं, आणि पकड तिथेच अर्धी होते. गिट्टी अंगठ्याच्या जोरानं अर्धी आणि हलक्या ठोक्यांनी उरलेली जावी. फार सहज गेली तर भोक मोठं झालं आहे. काडेपेटीच्या काड्या कोंबून ते भरण्याची आपल्याकडची रीत फोटोला चालते, टीव्हीला नाही; मोठ्या मापाची गिट्टी घ्यावी. ब्रॅकेटला जितकी भोकं दिली आहेत तितकी सगळी वापरायचा आग्रह धरावा. “दोन पुरे होतात, काका” असं ऐकू येईल. दोनही पुरतात, ती दोन्ही चांगल्या विटेत बसली असतील तर. ते मागून सांगता येत नाही.

स्क्रू आवळून झाल्यावर, टीव्ही चढवायच्या आधी, ब्रॅकेटला दोन्ही हातांनी धरून टीव्हीच्या वजनाच्या तिप्पट-चौपट जोरानं खाली आणि बाहेर ओढून बघावं. हलला तर आत्ताच हललेला बरा. मग दोघांनी मिळून टीव्ही अडकवावा. एकट्यानं धरताना बोटं पडद्यावर दाबली जातात. खालचा लॉक-स्क्रू किंवा दोरीची कडी लावायची राहून जाते, ती लावून घ्यावी. दौंडमध्ये रुळांच्या जवळ राहणाऱ्यांनी तर नक्कीच. मालगाडी गेली की कपाटातल्या काचेच्या पेल्यांना कळतं, तसं स्क्रूंनाही कळतं. स्प्रिंग वॉशर घालावा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा सगळे स्क्रू पान्यानं तपासावेत.

वायरींचा विचार आधी केला तर स्वस्त पडतो. टीव्हीमागे, पडद्याच्या आड जाईल असा, अर्थिंग असलेला पॉइंट घ्यावा. लोंबणारी एक्स्टेन्शन बोर्डाची वायर ही नव्या टीव्हीची सगळ्यात कुरूप बाजू. भिंत फोडायची नसेल तर पीव्हीसीची केसिंग पट्टी मारून तिला भिंतीचा रंग द्यावा. भिंतीत पाइप घालायचा असेल तर तो मोठा घालावा. एचडीएमआय वायरीचं डोकं बारीक पाइपाच्या वाकणात अडकतं, आणि ते कापून पुन्हा जोडता येत नाही. फिक्स ब्रॅकेट घेताना टीव्हीला वायरी लावायची भोकं कोणत्या दिशेला तोंड करून आहेत तेही बघावं. मागे तोंड असेल तर वायर लावल्यावर टीव्ही भिंतीला टेकतच नाही. डिशची छत्री गच्चीवर असेल तर वैशाखातल्या वळवाच्या कडकडाटात टीव्हीचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवावीत. नुसता रिमोटनं बंद केलेला टीव्ही विजेच्या दृष्टीनं बंद नसतो.

हे सगळं ज्याला जमेल त्यानं शिकून घ्यावं, असं माझं मत आहे. त्यासाठी लांब जायला नको. शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हातानं काम करत शिकण्याची पद्धत तिथून अनेक शाळांत गेली. वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग ही तिथल्या मुलांच्या शिक्षणातली रोजची कामं. गिलावा किती जाड आणि वीट किती पक्की, हे ज्यानं दहावीच्या आत एकदा भिंत बांधून पाहिलं आहे त्याला पाकिटातली भुकटी वाचायला शिकवावं लागत नाही.

राहता राहिले भाडेकरू. कारेगाव, सणसवाडी, शिक्रापूर, कुरकुंभ इथे कंपन्यांत काम करणारी हजारो पोरं एका खोलीत तिघं-चौघं राहतात. टीव्ही वर्गणीतून येतो आणि घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही. त्याचं चूक नाही. दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरू, प्रत्येकाचा टीव्ही वेगळा, आणि भिंतीची चाळण. अशा ठिकाणी जमिनीवर उभा राहणारा लोखंडी स्टँड घ्यावा. त्यालाही तीच चार वेसा भोकं असतात, आणि खोली सोडताना तो बरोबर नेता येतो. रुंद पायाचा बघावा. मालकानं परवानगी दिलीच, तर आधीच्या भाडेकरूची भोकं कुठे आहेत ते बघून, जमल्यास तीच वापरावीत. ती जुळतीलच असं नाही; जुळली तर जुन्या गिट्ट्या काढून एक माप मोठ्या घालाव्यात. निघताना गिट्टी उपटायची नाही, गिलाव्याचा पोपडा तिच्याबरोबर येतो. ती धारदार पात्यानं भिंतीच्या आत दोन मिलिमीटर कापावी, वर पुट्टी भरावी, वाळली की पॉलिश पेपर मारावा. रंगाची छटा मात्र जुळत नाही. म्हणून खोली घेतानाच मालकाशी भोकांचं बोलून घ्यावं आणि डिपॉझिटच्या चिठ्ठीवर एक ओळ लिहून घ्यावी.